हिरवागार वाफा आणि गोल्टी कांदा: जुळे सोलापुरातल्या एका परसबागेचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे घर जुळे सोलापुरातलं. काका एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, काकू घरी, मुलगा-सून पुण्यात. घरामागे चारेकशे चौरस फूट मोकळी जागा. खाली मुरूम, वर ट्रॉलीभर काळी माती टाकलेली. मी शहरातल्या घरांना परसबाग लावून देतो, त्या निमित्तानं माझी त्यांची ओळख. नावगाव सांगत नाही, आकडे मात्र त्यांच्या वहीतले आणि माझ्या वहीतले जसेच्या तसे आहेत.

मेथी, कोथिंबीर, वांगी, मिरची दोन वर्षं व्यवस्थित आली होती. मग काकांनी कांद्याचं काढलं. काकूंचा सुरुवातीपासून विरोध. हंगामात सोलापूरच्या मार्केट यार्डात दिवसाला शेकडो ट्रक कांदा उतरतो. पिशवीभर आणायचा तर वीस मिनिटांचं काम, त्यासाठी साडेचार महिने जागा अडवून कशाला ठेवायची? हिशेबानं त्या बरोबर होत्या आणि मीही तेच म्हणालो. त्याआधीच्या हिवाळ्यात काकांनी घरातले कोंब आलेले कांदे कुंडीत खुपसले होते. संक्रांतीपर्यंत त्यांना डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे आले, खाली कांदा काही धरला नाही. तेव्हापासून त्यांना ते लागून राहिलं होतं. कांदा दोन वर्षांचं पीक आहे, पहिल्या वर्षी गड्डा आणि दुसऱ्या वर्षी फूल, त्यामुळे तयार कांदा पुन्हा लावला की तो बियाच्याच मागे लागणार, हे सांगितल्यावर काका म्हणाले, "मग बियापासूनच करू की."

ठरलं ते असं: प्रत्येकी ४ बाय १० फुटांचे दोन वाफे, लागवड १५ बाय १० सेंटिमीटरवर, म्हणजे वाफ्याला साधारण सव्वादोनशे रोपं. शेतात रब्बी कांदा हेक्टरी २५ ते ३० टन येतो, त्या हिशेबानं दोन्ही वाफे मिळून १८ ते २२ किलो. आम्ही १५ किलो धरले होते. निघाले १२ किलो ४०० ग्रॅम. ही घट दोन्ही वाफ्यांत सारखी नव्हती, आणि तिची कारणंही आम्ही शोधत होतो तिथं नव्हती. म्हणून हे लिहितोय.

बी: जुनं की नवं

काकांच्या मेहुण्यांची मोहोळ तालुक्यात शेती. त्यांच्याकडून पुडीभर बी आलं, घरचं, पण दोन हंगाम डब्यात पडून राहिलेलं. कांद्याचं बी फार टिकत नाही. साध्या खोलीत वर्षभरात त्याची उगवण झपाट्यानं उतरते. काकांना ते पटेना, बी काळंभोर दिसत होतं. वाद घालण्यापेक्षा १०० दाणे मोजून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवले. दहा दिवसांनी उघडून पाहिलं तर ३४ उगवलेले.

आता तीन वाटा होत्या. हेच बी तिप्पट दाट टाकायचं, नवं बी आणायचं, किंवा डिसेंबरात बाजारातून तयार रोप घ्यायचं. दाट टाकलं तर जे उगवतं तेही अशक्त निघतं. बाजारच्या रोपाची जात कुणी खात्रीनं सांगत नाही. खरिपाची जात रब्बीत लागली तर कांदा टिकत नाही, आणि पेन्सिलीएवढं जाड झालेलं रोप थंडीत सापडलं तर डेंगळे हमखास. नवं बी घेतलं, जात एन-२-४-१. जुनी आहे, रब्बीची आहे, आणि साठवणीत टिकते म्हणून नावाजलेली.

२४ ऑक्टोबरला गादीवाफ्यावर रोप टाकलं. थोडी मर झाली, फार नाही. ५३ दिवसांनी, १६ डिसेंबरला लावणी. वाफ्याला चार-चार घमेली कुजलेलं शेणखत आणि थोडं सिंगल सुपर फॉस्फेट. उरलेली नऊ रोपं काकूंनी रंगाच्या रिकाम्या बादलीत लावून गच्चीवर ठेवली. "एवढ्यातेवढ्यासाठी फेकायची कशाला?" ही बादली पुढं फार कामाला आली.

जागा: इथं चूक माझी

दक्षिणेला शेजाऱ्यांची दुमजली इमारत आहे, उंची अंदाजे २२ फूट. मी ऑक्टोबरच्या मध्याला दुपारी बारा वाजता जाऊन ऊन पाहिलं होतं. सावली भिंतीपासून ११ फुटांवर संपत होती. भिंतीकडचा वाफा १३ ते १७ फुटांवर येत होता, पुढचा २० ते २४ फुटांवर. दोन्हीवर लख्ख ऊन. मी हो म्हणून टाकलं.

डिसेंबरात सूर्य दक्षिणेला सरकतो हे शाळेतलं पोरही सांगेल. सोलापुरात २२ डिसेंबरच्या आसपास भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४९ अंशांवर असतो. तेवढ्यात २२ फुटांच्या इमारतीची सावली १९ फुटांपर्यंत जाते. म्हणजे लावणीच्या दिवशी भिंतीकडचा वाफा अख्खा सावलीत होता. आम्ही लावणी सकाळी लवकर केली, त्या वेळी सगळंच अंगण सावलीत असतं, त्यामुळे कुणाच्या लक्षातही आलं नाही. सावली त्या वाफ्यावरून पूर्ण सरकायला फेब्रुवारीचा दुसरा आठवडा उजाडला.

अडचण: पाती जळायल्यात

सोलापुरात गड्ड्याची यात्रा, म्हणजे संक्रांतीची सिद्धेश्वराची जत्रा सुरू होती. १७ जानेवारीला काकांचा फोन आला. "पाती जळायल्यात. पुढच्या वाफ्याच्या जास्त. या बघून जावा एकदा."

मी जाईपर्यंत तीन निदानं होऊन गेली होती. शेजाऱ्यांचं म्हणणं करपा. मेहुण्यांचं फोनवरून म्हणणं फुलकिडे. औषधाच्या दुकानदारानं मधला मार्ग काढून दोन्हींची औषधं बांधून दिली होती, वर एक टॉनिकही. पंप भरायचाच बाकी होता.

वाफे पाहिले. पुढच्या वाफ्यातल्या पातींचे शेंडे बोटाच्या पेराएवढे वाळलेले, पांढुरके, आधी जुन्या पाती आणि मग नव्या. भिंतीकडच्या वाफ्यात शेंडे किंचित करपलेले, बाकी पात उंच, लुसलुशीत, हिरवीगार. काकांचं सगळं कौतुक त्या वाफ्याचं. "हे बघा, ह्याला काय झालंय का? ह्याच्यासारखं तिकडं पण यायला पाहिजे." मीही मान डोलावली. उंच पात आणि निरोगी पात यांतला फरक तेव्हा माझ्या डोक्यात यायला हवा होता. सावलीतलं रोप उजेडासाठी लांबत जातं. ते दिसायला गोजिरं असतं, पण पातीत भरलेलं काही नसतं.

पर्याय

पहिला पर्याय दुकानदाराच्या पुड्यांचा. फवारून मोकळं व्हायचं. काकांचा कल तिकडंच होता, कारण काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. दुसरा, आठवडाभर थांबून पाहायचं. तिसरा, आधी कारण शोधायचं.

फुलकिडे आहेत का हे पाहायला यंत्र लागत नाही. रोप पांढऱ्या कागदावर वाकवून पोग्यावर टिचकी मारायची आणि पडलेले पिवळसर किडे मोजायचे. दहा रोपं झटकली. रोपामागे दोन-तीन. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाच्या शिफारशीत फवारणीची वेळ रोपामागे ३० फुलकिडे झाल्यावर येते. पातीवर चंदेरी ओरखडेही नव्हते. जांभळ्या करप्याचा डाग तर लपत नाही. तो पातीच्या मधे पडतो, खोलगट, जांभळट, कडेला पिवळी झाक. असा एकही डाग नव्हता. फक्त शेंडे, आणि तेही वाफाभर सारखे.

तेवढ्यात काकू गच्चीवरून वाळवण घेऊन उतरल्या आणि म्हणाल्या, "माझ्या बादलीतल्याला काही झालं नाही बरं." वर जाऊन पाहिलं. तेच बी, तीच लावणीची तारीख, आणि नऊच्या नऊ रोपांचे शेंडे साबूत. त्याला पाणी कुठलं घालता म्हणून विचारलं. माठात उरलेलं, नळाचं.

खाली येऊन वाफ्याकडे नव्या नजरेनं पाहिलं. ढेकळांच्या टोकांवर पांढरी पापडी आली होती. वाफ्यांना बोअरचं पाणी जात होतं, ते मला माहीत होतं. माहीत नव्हती ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर आलेली बारीक पांढरी नळी. आरओचं टाकाऊ पाणी. काकांनी ते वाया जाऊ नये म्हणून लावणीनंतर आठवड्यानं पुढच्या वाफ्यात सोडलं होतं, आणि त्याचा त्यांना अभिमानच होता.

माझ्याकडे खिशातलं टीडीएस मीटर असतं, पाण्यात विरघळलेले क्षार पीपीएममध्ये दाखवणारं. नळाचं पाणी ३१०. बोअरचं १,४८०. आरओच्या नळीतलं २,१५०. त्यांच्या आरओला टाकीतलं बोअरचं पाणी जात होतं. यंत्र चांगलं पाणी वेगळं काढतं आणि क्षार उरलेल्या पाण्यात घट्ट करून बाहेर टाकतं. ते घट्ट पाणी रोज थेंब-थेंब कांद्याच्या मुळाशी. कांद्याची बहुतेक मुळं वरच्या वीतभर मातीत असतात, आणि क्षार तिथंच साठतात. क्षार न सोसणाऱ्या भाज्यांत कांदा पुढच्या रांगेत बसतो. जमिनीच्या अर्काची विद्युतवाहकता, म्हणजे मातीतल्या क्षारांचं माप, १.२ डेसीसायमन प्रति मीटरच्या पुढे गेली की त्याचं उत्पादन उतरायला लागतं. आपल्याकडच्या काळ्या जमिनीतून पाणी सावकाश खाली झिरपतं, त्यामुळे क्षार धुऊनही लवकर जात नाहीत.

तरी एक शंका होती. बादलीतली माती वेगळी, गच्चीवरचं ऊन वेगळं. म्हणून वाफ्यातली दहा रोपं मातीच्या गड्ड्यासकट उचलून दोन डब्यांत लावली, पाच-पाच. एका डब्याला नळाचं पाणी, दुसऱ्याला बोअर आणि आरओचं. पुड्या फोडायच्या नाहीत, पंधरा दिवस थांबायचं. काका नाराज होते. ४ फेब्रुवारीला नळाच्या डब्यातल्या नव्या पाती स्वच्छ होत्या, दुसऱ्या डब्यात नव्या पातींचेही शेंडे वाळायला लागले होते. पुड्या दुकानात परत गेल्या. टॉनिक काही परत घेतलं नाही.

केलेली कामं

आरओची नळी त्या पहिल्या दिवशीच काढली, निकालाची वाट पाहिली नाही. ते पाणी आता फरशी पुसायला आणि संडासात जातं.

खरा पेच नळाच्या पाण्याचा. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, आणि ज्या घरात पाणी आलेल्या दिवशी हंडे-कळशा मोजून भरतात तिथं कांद्याला पिण्याचं पाणी द्या म्हणणं सोपं नाही. काकूंनी स्पष्ट सांगितलं, "माणसांचं आधी." दोन्ही वाफ्यांना एका पाळीला एक ड्रम लागत होता, २०० लिटर. शेवटी तोडगा निघाला तो काकूंचाच. तांदूळ-डाळ-भाजी धुतलेलं पाणी आणि शिळं झालेलं नळाचं पाणी एका ड्रममध्ये साठवायचं. एक पाळी त्याची, एक पाळी बोअरची. मीठ आणि साबण लागलेलं पाणी त्यात जायचं नाही. फेब्रुवारीच्या सुरुवातीला पाणी आलं त्या दिवशी एकदाच दोन ड्रम सलग सोडून वरचे क्षार खाली ढकलले. ओळींमध्ये उसाचं पाचट पातळ पसरलं, म्हणजे माती कमी तापेल आणि पापडी कमी वर येईल.

जिप्सम टाकायचं का, असं काकांनी विचारलं होतं. मी नको म्हणालो. ते चोपण जमिनीसाठी, जिथं सोडियमचा त्रास आहे. माती तपासल्याशिवाय ते टाकणं म्हणजे दुकानदाराच्या टॉनिकसारखंच झालं असतं.

पुढचा वाफा सुधारला. महिन्याअखेर गड्डे धरायला लागले. भिंतीकडचा वाफा मात्र होता तसाच राहिला, उंच, हिरवागार, आणि खाली गड्ड्याऐवजी बोटाएवढी मान, म्हणजे पात आणि गड्डा जोडणारा भाग.

युरियाच्या दोन मुठी

२६ फेब्रुवारीला, लावणीनंतर ७२व्या दिवशी, काकांनी भिंतीकडच्या वाफ्याला दोन मुठी युरिया टाकला, पोसावा म्हणून. मला मार्चमध्ये सांगितलं. मी कपाळावर हात मारला खरा, पण जानेवारीत फोनवर "थोडा युरिया चालेल" असं म्हणालो होतो मीच. कुठपर्यंत चालेल ते सांगितलं नव्हतं. कांद्याला नत्राचा शेवटचा हप्ता लावणीनंतर ४५ दिवसांच्या आसपास संपवायचा असतो. नंतर दिलं की रोप पातच वाढवत बसतं, मान जाड राहते, आणि जाड मानेचा कांदा वाळत नाही. सावलीमुळे आधीच मागे पडलेल्या वाफ्याला वर ही भर पडली.

काढणी

५ एप्रिलला पुढच्या वाफ्यातल्या निम्म्याहून जास्त माना पडल्या होत्या, म्हणजे कांदा काढणीला आला होता. पाणी आठ दिवसांपूर्वीच तोडलं होतं. खरं तर दहा-पंधरा दिवस तोडावं लागतं, पण ८ तारखेला आभाळ भरून आलं. वळवाचा एक पाऊस पडला तर काढणीला आलेल्या कांद्याचा पापुद्रा खराब होतो. काढायचं की थांबायचं यावर फार चर्चा झाली नाही, पुढचा वाफा त्याच दिवशी उपटला. एकाची पात दुसऱ्या कांद्यावर येईल असा अंथरला. १० तारखेच्या रात्री शिंतोडे आले तेव्हा काका-काकूंनी मिळून पोर्चमध्ये ओढला. मग बोटभर मान ठेवून पात कापली आणि दहा-बारा दिवस सावलीत सुकवला. काही काकूंनी पातीसकट ठेवून त्यांच्या वेण्या घातल्या आणि माळ्याच्या आड्याला टांगल्या.

भिंतीकडच्या वाफ्याचा प्रश्न अवघड होता. माना ताठ उभ्या, एकही पडायचं नाव घेईना. मेहुणे म्हणाले, ड्रम फिरवून माना मोडा, आपोआप पिकतो. ही जुनी पद्धत आहे आणि पुष्कळ शेतकरी करतात. माझं मत असं की मान आपण मोडली म्हणून कांदा पक्व होत नाही, उलट हिरव्या मानेला जखम होते. एकमत होईना, म्हणून अर्ध्या वाफ्याच्या माना १२ एप्रिलला मोडल्या, अर्ध्या तशाच ठेवल्या. २० एप्रिलला सगळा वाफा काढला.

निकाल

पुढच्या वाफ्यातून १९८ कांदे, ८ किलो १०० ग्रॅम, सरासरी ४१ ग्रॅम. बाजाराच्या भाषेत लहानच, पण घट्ट मानेचे. भिंतीकडून १७२ कांदे, ४ किलो ३०० ग्रॅम, सरासरी २५ ग्रॅम, सगळी गोल्टी, म्हणजे बारीक कांदा. डेंगळे दोन्ही मिळून सात, ते फुलण्याआधीच काढून टाकले होते. पुढच्या वाफ्यातली घट मी क्षारांच्या पहिल्या सहा आठवड्यांच्या खात्यावर टाकतो. भिंतीकडच्या वाफ्यात सावलीचा वाटा किती आणि युरियाचा किती, ते एका हंगामातून वेगळं काढता येत नाही. माझा कल सावलीकडे आहे, कारण युरिया पडायच्या आधीच तो मागे होता.

गोल्टी आधी संपवायची हे काकूंनी ठरवलं, आणि तो या सगळ्या प्रकरणातला सर्वात बिनचूक निर्णय म्हणावा लागेल. जूनपर्यंत मान मोडलेल्या ८४ पैकी २३ आणि न मोडलेल्या ८८ पैकी १९ सडले. एवढ्या फरकावर कुणी पैज जिंकल्याचं सांगू नये, पण मोडून फायदा झाला असंही दिसत नाही. वेण्यांमधले कांदे मात्र श्रावण संपेपर्यंत पुरले. काकूंनी ते रोजच्या भाजीला वापरले नाहीत. कडक भाकरी आणि शेंगाचटणीबरोबर फोडून खायला राखून ठेवले.

आता वेगळं काय करू

पाणी लावणीआधी मोजू. हे पाच मिनिटांचं काम होतं आणि मीटर माझ्या खिशात होतं, तरी मी काढलं नाही. जुळे सोलापुरात बोअरचं पाणी जड असतं हे मला ठाऊक होतं, आणि ठाऊक असल्यामुळेच मोजावंसं वाटलं नाही. माणसानं सांगितल्याशिवाय न दिसणाऱ्या नळ्याही शोधायला हव्यात. आता मी नव्या घरी गेलो की "वाया जाणारं कुठलं पाणी बागेत सोडता?" हा प्रश्न आधी विचारतो. निम्म्या घरांत उत्तर आरओ असतं.

रब्बीची जागा ऑक्टोबरात ठरवायची असेल तर तिथलं ऊन पाहून भागत नाही. दक्षिणेच्या भिंतीची उंची घ्यायची आणि तिच्या नऊ-दशांशाइतकं अंतर सोडायचं. सोलापुरात डिसेंबरची सावली दुपारी साधारण तेवढी पडते. कागदावर एक ओळ लिहिली असती तर एक वाफा वाचला असता.

युरियाबद्दल फोनवर बोलताना मी आता तारीख सांगतो. "१६ डिसेंबरची लावणी आहे ना, मग जानेवारी संपला की युरियाची पिशवी बांधून ठेवा." काकांना असं सांगितलेलं आवडतं. एसटीत सगळं वेळापत्रकावरच चालायचं.

काकांचं म्हणणं थोडं निराळं आहे. त्यांच्या मते जानेवारीत पंधरा दिवस चाचणीत घालवले ते जास्त झाले, बादलीकडे पाहूनच ठरवता आलं असतं. नळी तशीही आम्ही त्याच दिवशी काढली होती. पण बोअरची पाळी चालूच राहिली, त्यामुळे त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. ड्रमचं पाणी दोन आठवडे आधी सुरू झालं असतं. मला मात्र पुड्या परत जायला तो दुसरा डबा लागलाच असता असं वाटतं.

यंदाही त्यांनी रोप टाकलंय. १०० दाण्यांतले ८१ उगवले. पुढचा वाफा कांद्याला, भिंतीकडचा फेब्रुवारीपर्यंत मेथी-कोथिंबिरीला. मेहुण्यांकडून आलेली बियाची नवी पुडी काकूंनी तारीख लिहून फ्रीजमध्ये ठेवली आहे, लोणच्याच्या बरणीमागे.